बरे हात

माझी धाकटी नणंद माणसं गारठवते. तिच्या सेंटरमध्ये एक खोली आहे, बर्फालाही हुडहुडी भरेल इतकी थंड. पाठ, गुडघे, सांधे धरलेली माणसं एक गाणं संपेपर्यंत त्या खोलीत चालतात आणि बाहेर येऊन 'वा!' म्हणतात. मीही त्यातलीच. माझी बोटं संधिवाताने आखडतात, आणि मी करते शिवणकाम.

त्या दिवशी तिच्याच मजल्यावरच्या डॉक्टरांना हात दाखवायचे होते. नवऱ्याकडे शाळांच्या गणवेशांची मोठी ऑर्डर चालून आली होती आणि मी नको नको म्हणत होते. सकाळी मला नळसुद्धा सोडता येत नाही, हे त्याला सांगून सांगून थकले. तो आमच्या शिलाईच्या दुकानात बघतो तेव्हा माझे हात चाललेले असतात. शेवटी तो म्हणाला, "डॉक्टर नाही म्हणाले तर नाही घेणार." शब्दाला तो पक्का आहे, हे मी कुठेही सांगेन. त्यामुळे माझा सगळा जीव त्या तपासणीत अडकला होता.

आणि नणंदेला नेमकी तेव्हाच माझी माया आली. "वहिनी, डॉक्टर बोटं दाबून दाबून बघतात. रडवतील तुला. आधी जरा आत जाऊन ये."

ठणका लागला की माझी अक्कल चालत नाही. लोकरी मोजे चढवले, कानांवर पट्टी घेतली, तोंडावर मास्क लावला आणि गेले आत.

आत गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, दाखवायचं तेच तू घालवून बसते आहेस! दाराला कुलूप नव्हतं, ढकललं की उघडणार होतं. पण काचेपलीकडे नणंद हात हलवत होती आणि तिच्या मागे पहिल्यांदाच आलेलं एक जोडपं माझ्याकडे डोळे लावून उभं होतं. घरचंच माणूस अर्ध्यात पळालं तर तिची काय शोभा राहिली असती? मांड्यांना सुया टोचत होत्या. माइकवरून ती विचारत होती, "बरं वाटतंय ना?" मी गोल गोल चालत "हो, हो" म्हणत राहिले. मला माझाच संताप आला.

डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली. मूठ वळायला सांगितली. मेली पहिलवानासारखी वळली.

"दुखतं?"

"आत्ता नाही. पण सकाळी..."

"सूजही फारशी नाही. थंडी मानवलीय तुम्हाला."

"अहो, आत्ताच त्या थंड खोलीतून आले म्हणून! थोड्या वेळाने बघा."

"डॉक्टर, हिला कामाची धास्ती आहे," शेजारी बसलेला नवरा हसत म्हणाला.

डॉक्टरही हसले. "काम करा. हात चालते राहू देत."

शब्दाला पक्का नवरा कॉरिडॉरमध्येच फोन काढून, "घेतली समजा," म्हणाला आणि बोलत बोलत जिना उतरला.

मी बाकावर बसून राहिले. परत दाखवायचंय म्हटल्यावर दारावरची बाई म्हणाली, "आतला पेशंट झाला की जा." एरवी न बोलावता येणारं माझं दुखणं आज वाट बघायला लावत होतं. ये गं बाई, म्हटलं, आज तुझंच काम आहे.

आलं. आधी करंगळीत, मग मनगटात. मला चक्क आनंद झाला. बोटं वाकडी होऊन बसली, पर्सची चेन धरवेना. पण आतला पेशंट गप्पिष्ट निघाला. कळ कोपरापर्यंत चढली. मी दातओठ खात दाराकडे बघत होते.

तेवढ्यात नणंद बाहेर आली. "अगंबाई, पुन्हा आखडले? चल, खोली रिकामीच आहे."

"नको. डॉक्टरांना असेच दाखवायचेत."

तिने माझे हात हातात घेतले आणि तिचेच डोळे भरून आले. ती वाईट नाहीच. "दाखव गं नंतर. किती सोसशील?"

दाराआड खुर्ची सरकली. पेशंट उठला असावा. एवढा वेळ काढला होता, आता क्षणभरच काढायचा होता.

मी उठले आणि नणंदेच्या मागोमाग गेले.