मोकळी न झालेली बॅट

सॉफ्टबॉलची नवी कॉम्पोझिट, म्हणजे कार्बन फायबरची, बॅट आधी कडक असते. शेकडो चेंडू मारले की ती मोकळी होते आणि मग चेंडू उडतो. अख्खा मोसम मी हेच तुणतुणं वाजवत होतो. माझा फटका मैदानाच्या मध्यापर्यंतही जाईना, पण दोष बॅटचा! माझ्या खांद्याच्या ऑपरेशनचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती.

स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये चेंडू आळसावल्यासारखा वरून खाली येतो. त्याला स्वतःचा वेग नसतो. जोर काय तो आपल्या हातांनी आणायचा. मेव्हण्यानं स्विंगचा वेग मोजणारं यंत्र आणलं. त्यातला आकडा बघून मी खेकसलो, "आधी हे दुरुस्त करून आण!"

आज लेक सरावाला आली. तिनं माझीच बॅट उचलली आणि पहिलाच चेंडू कुंपणापलीकडे मारला. टीममधलं कुणी माझ्याकडे बघेना.

लेक मात्र धावत आली, चेहरा नुसता फुललेला. "बाबा, झाली की मोकळी! आता मार तू."

मी उभा राहिलो. पिचर माझा जुना दोस्त. त्यानं चेंडू नेहमीपेक्षाही हळू टाकला.