बाल्कनीवरचं पाणी

तलावावरची पोरं तिला मासोळीबाई म्हणत. पोहायला शिकवण्यात तिची उमर गेली होती, आणि राहणं कायम भाड्याच्या खोलीत, घरमालकाच्याच दारातून ये-जा. पन्नाशीला टेकल्यावर तिनं एक घर हेरलं. तिसरा मजला, दोन खोल्या आणि नदीकडे उघडणारी बाल्कनी.

शिकवणी संपली की ती रिकाम्या तलावात पाठीवर तरंगत राही. कान पाण्यात, जग मुकं. डोळे मिटले की बाल्कनी दिसायची. वेताची खुर्ची, कठड्यावर वाळणारा टॉवेल. मग नदी हळूहळू कठड्यापर्यंत चढून यायची आणि ती खुर्चीतून अलगद पाण्यात उतरायची.

रविवारी तिनं दादाला घर दाखवलं. दादा कापडाच्या दुकानात हिशेब सांभाळायचा. त्यानं बाल्कनीकडे नुसतं पाहिलं आणि न्हाणीघरातला नळ सोडला. तांबूस पाणी आलं.

"किमतीचं जमलंय तुझं," तो म्हणाला, "पण वरचं काय?"

"वर गच्ची आहे."

दादानं कपाळावर हात मारला. "अगं, वरचा खर्च! मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, बँकेची फी. सोसायटी नावावर करायचे पैसे घेईल ते वेगळेच. हे नळ सगळे बदलावे लागणार. आणि कपाट काय पाठीवर वाहून नेणारेस?"

"अडीअडचणीला ठेवलेत ना, त्यातून भागेल."

"आणि खांदा पुन्हा धरला तर?"

मागच्या वर्षी खांदा आखडून ती दोन महिने घरी बसली होती. शिकवणी बंद, पैसा बंद. तेव्हा त्या ठेवीनंच तिला तारलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्या घराच्या मालकीणबाईंकडून किल्ली घेऊन एकटीच वर गेली. भर दुपारी नदी झोपल्यासारखी पडली होती. ती कठड्याला रेलून उभी राहिली. ऊन भिंतीवरून सरकत सरकत तिच्या पावलांवर आलं, तरी ती हलली नाही. मग तिनं दार ओढून घेतलं.

"नाही जमायचं, बाई," खाली किल्ली देताना ती म्हणाली.

मालकीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मागच्या अंगाला माझी एक खोली विकायची आहे. लहान आहे, पण नळ नवे आहेत. बघता?"

खोलीला बाल्कनी नव्हती. खिडकीबाहेर झाडाची एक फांदी होती, आणि तिच्या सावल्या फरशीवर पाण्यासारख्या हलत होत्या. मासोळीबाईनं चपला काढल्या आणि ती त्या सावल्यांत उभी राहिली.

खोलीची किंमत कमी, त्यामुळे वरचा सगळा खर्च भागला आणि अडीअडचणीच्या पैशाला हात लागला नाही. सौदा ठरला त्या संध्याकाळी मात्र ती तलावात मनसोक्त रडली. ओल्या चेहऱ्यानं बाहेर आली, तर पोरांना काही वेगळं वाटलं नाही.

सामान आलं त्या दिवशी ती फरशीवर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. कुठेतरी बेल वाजली. कुणाकडे तरी पाहुणे आले असतील, असं म्हणून तिनं कूस बदलली.

"अगं, उघड की!" बाहेरून दादा ओरडला. "तुझीच बेल आहे!"

ती उठून दाराशी आली. कडीवर हात ठेवला आणि थांबली.

"दादा," ती म्हणाली, "अजून एकदा वाजव ना."