मोहियोद्दीनभाईची बाही

थंडी तोंडावर आली आणि फातिमाबीच्या हातातलं विणकाम संपत आलं, की सगळ्या गल्लीला एकच घोर लागायचा: आता ही बाई पुढं काय विणणार? मंजुळाबाईला नवऱ्यासाठी कानटोपी हवी असायची, तिच्या सासूला दुखऱ्या गुडघ्यांवर चढवायला काहीतरी हवं असायचं, आणि जिला काहीच नको असायचं ती सल्ला द्यायला हजर. फातिमाबी सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि शेवटी आपल्या मनाला येईल तेच सुयांवर चढवायची.

या घोळक्यात एकटी पार्वतीबाई नसायची. तिचं घर फातिमाबीच्या घराला भिंतीला भिंत लावून, पण विणकामाचं नाव काढलं की हिच्या कपाळाला आठी. औंढ्याच्या बाजारात धनगराची चांगली दणकट घोंगडी मिळत असताना छत्रीच्या काड्या घासून त्यांच्या सुया करायच्या आणि महिना महिना खुटखुट करत बसायचं, हा तिच्या मते रिकामटेकडा उद्योग होता. तोंडावर मात्र ती कधी बोलली नाही. एक तर शेजार, आणि दुसरं म्हणजे फातिमाबीच्या नवऱ्याचे, मोहियोद्दीनचे, उपकार. पार्वतीबाईची लेक मिरा लहान असताना ओढ्याला पूर आला आणि पोरगी पलीकडं अडकली. सगळं गाव काठावर उभं राहून हळहळत होतं, तेव्हा हा माणूस छातीएवढ्या पाण्यातून तिला खांद्यावर बसवून घेऊन आला होता.

उमेदीच्या काळात मोहियोद्दीन हिंगोलीला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. तिथल्या मडमेनं फातिमाबीला विणायला शिकवलं आणि विलायतेला परत जाताना ट्रंकभर लोकर तिच्या पदरात टाकली. पुढं दोघं गावी येऊन राहिले. मोहियोद्दीन पिकल्या वयात, नातवंडं मांडीवर खेळवून गेला. ट्रंकेतली लोकर तेवढी फातिमाबीच्या सोबतीला राहिली.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बाजारातून लोकर गायबच झाली. होती ती जपून जपून वापरली तरी एका साली ट्रंकेच्या तळाशी एकच पांढरा गुंडा उरला. मिरा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. फातिमाबीनं कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. तिच्या लेकरासाठी टोपरं आणि अंगडं विणून टाकलं. शेवटचा टाका घातला तशी मंजुळाबाईनं नेहमीचा प्रश्न टाकला, "आता पुढं काय, भाबी?"

"पुढं काही न्हाई. लोकर संपली," फातिमाबी म्हणाली. तिनं सुया पुसून ट्रंकेत ठेवल्या आणि झाकण लावलं. बायका एकेक करून उठल्या.

पौषाच्या कडाक्यात मिराला सातव्याच महिन्यात कळा आल्या. पोरगी झाली. एवढीशी, की सुईणीनं ती एका तळहातावर पेलली. रडणंही धड नाही, नुसती कुरकुर. आणि अंग गार. पार्वतीबाईनं तिला जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं, वरून पिंजलेला कापूस लावला. पण लेकरू ओलं झालं की कापूसही ओला आणि घडीभरात गार. घोंगडीनं अंगावर लाल पट्टे उठले. शेगडी जवळ घेतली तर धुरानं त्या जिवाला ठसका लागे. मिराला स्वतःलाच तापाची हुडहुडी भरलेली, ती कुणाला ऊब देणार? दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरानं दूध ओढणं सोडलं. पार्वतीबाईनं तिच्या पायाला हात लावला, तर पाय दगडासारखे गार.

फातिमाबी आली ती खोलीच्या उंबऱ्याशीच बसली. तिची नजर आधी लेकराकडं गेली आणि मग वर भिंतीतल्या देवळीकडं. पांढरं टोपरं आणि अंगडं तिथं घडी घालून ठेवलेलं होतं.

"अक्का, हे काहून घातलं न्हाई?"

पार्वतीबाईनं मान फिरवली. "नवं हाये ते. बारशापावतर नवं घालत न्हाईत आमच्यात. जुनेरंच लागतं."

इथं पार्वतीबाईला वेड्यात काढण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. मिराचं पहिलं लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं होतं. वसमतच्या तिच्या नणंदेनं हौसेनं आणलेली नवीकोरी जरीची कुंची तेव्हा त्याच्या डोक्यावर होती. लेकरू तापानं गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पार्वतीबाईच्या मनानं ती कुंची धरून ठेवली होती, आणि एकदा तिच्या मनानं धरलेलं कुणाच्या बापाला सोडवता येत नसे. आता हे दुसरं लेकरू समोर गार पडत चाललेलं, हाताशी ऊब घडी घालून ठेवलेली, आणि तिला हात लावायचं धाडस होत नव्हतं. रात्रीपासून ती दहादा उठून देवळीपर्यंत गेली होती आणि तशीच माघारी फिरली होती.

फातिमाबीनं वाद घातला नाही. उलट कपाळावर हात मारून घेतला. "बराबर हाये तुमचं. आमच्यातबी छटीपावतर जुनंच घालत्यात की. मडमेचं काम हातात घेतलं अन् आपल्या घरची रीत इसरले मी." मग तिनं विचारलं, "जुनी लोकर चालंल का?"

"जुनी असंल तर चालंल. पन जुनी लोकर आनायची कुठून?"

फातिमाबी उठून आपल्या घरी गेली. परत आली ती बदामी रंगाचा एक भला मोठा स्वेटर छातीशी धरून. त्याला कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास येत होता. पार्वतीबाईनं तो लगेच ओळखला. कितीतरी हिवाळे तो स्वेटर गल्लीतून येता-जाता तिनं पाहिला होता.

"भाबी, हा तर भाईंचा."

"व्हय."

पार्वतीबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. गेलेल्या माणसाचा कपडा, आणि तो जीव धरू बघणाऱ्या लेकराच्या अंगावर. ओठांवर आलेला नकार तिला फातिमाबीच्या तोंडाकडं बघून बोलवेना. तेवढ्यात मिरा पडल्या जागेवरून क्षीण आवाजात म्हणाली, "आई, मला त्यांनीच आनलं होतं ना गं पान्यातून?"

पार्वतीबाईला एकदम भडभडून आलं. "व्हय माय. तवा मी काय इचारलं न्हाई, कुनाचा खांदा हाये म्हनून." तिनं डोळे पुसले आणि फातिमाबीला म्हणाली, "गुंडाळा त्यात लेकराला."

"तसाच गुंडाळला तर वजनानं दबून जाईल ती. फटीतून वारंबी शिरंल. अंगाला धरून ऱ्हायला पायजे."

असं म्हणून फातिमाबीनं उजवी बाही खांद्याजवळ उसवली. स्वेटर मांडीवर सरळ करून घेतला. मग तिनं एक टाका सोडवला, धागा हातात धरला आणि ओढला.

पार्वतीबाईनं आजवर कपडा फाटताना पाहिला होता, विरताना पाहिला होता, जळताना पाहिला होता. पण असा कपडा नाहीसा होताना तिनं कधी पाहिला नव्हता. सर्र सर्र करत एकेक ओळ मोकळी होत होती. खांदा गेला, दंड गेला. एवढ्या मोठ्या धिप्पाड माणसाची बाही, आणि ती सगळी एका धाग्याची. ना कुठं कापलेलं, ना कुठं जोडलेलं. पार्वतीबाईचा हात आपोआप तोंडाशी गेला. इतकी सालं ही बाई शेजारी बसून हे करत होती आणि आपण त्याला खुटखुट म्हणत होतो, हे तिला आठवलं आणि आपलीच लाज वाटली.

कोपराशी धागा तुटला. स्वयंपाकाच्या मेजावर कोपर घासून घासून मोहियोद्दीननं तिथं लोकर झिजवली होती. फातिमाबीनं दोन्ही टोकं पिंजली, पाण्याचं बोट लावून तळहातावर चोळली, आणि धागा पुन्हा अखंड झाला. गाठसुद्धा दिसेना. पार्वतीबाईनं तो बोटांनी चाचपून पाहिला, पुन्हा चाचपून पाहिला.

"हा असा वाकडातिकडा का हो ऱ्हायला?" तिनं विचारलं. सुटलेला धागा सरळ पडतच नव्हता. जिथं जिथं टाका होता तिथं तिथं त्याला वळसा राहिला होता.

"सवय हाये त्याला. धुऊन वाळत घातला तर सरळ व्हईल. पन आता कुठला येळ? आन् असाच बरा. फुगून ऱ्हातो, ऊब धरतो."

मग ट्रंकेत गेलेल्या छत्रीच्या काड्या बाहेर आल्या. दुपारभर फातिमाबी विणत होती आणि पार्वतीबाई लेकराला पोटाशी धरून समोर बसली होती. एका बाजूनं बाही कमी होत होती, दुसऱ्या बाजूनं इवलं अंगडं वाढत होतं. ग्यानबा, म्हणजे पार्वतीबाईचा घरधनी, दोनदा दाराशी येऊन जेवणाचं विचारून गेला. आपल्या डोळ्यांसमोर एक माणूस थोडाथोडा जातोय आणि एक माणूस थोडाथोडा येतोय, असं पार्वतीबाईला वाटत राहिलं. देवापुढं बसल्यावरसुद्धा तिचं मन इतकं शांत कधी झालं नव्हतं. भीती होतीच, पण त्या भीतीच्या वर काहीतरी मोठं येऊन बसलं होतं.

दिवेलागणीला टोपरं, अंगडं आणि पायमोजे तयार झाले. पार्वतीबाईनं स्वतःच्या हातानं ते लेकराला चढवले. बदामी लोकर त्या अंगाला अशी धरून बसली की कुठं फट म्हणून राहिली नाही. मग वाट बघणं. पार्वतीबाई सारखी मोज्यात बोट घालून बघत होती. गार. गार. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला तिनं बोट घातलं आणि तसंच ठेवलं. पाय कोमट होते. थोड्या वेळानं लेकरानं तोंड वेडंवाकडं केलं, आणि मिरानं छातीशी घेतल्यावर दूध ओढलं.

सकाळी फातिमाबी आली तेव्हा पार्वतीबाईनं तिला उंबऱ्याशी बसू दिलं नाही. हाताला धरून खाटेपाशी नेलं. लेकरू झोपलेलं होतं.

एका बाहीचा स्वेटर कोपऱ्यात घडी करून ठेवलेला होता. पार्वतीबाईनं तो उचलला, त्याच्यावरून हात फिरवला आणि आजवर गल्लीतल्या सगळ्या बायकांनी विचारलेला, पण तिनं कधीही न विचारलेला प्रश्न विचारला. "भाबी, आता पुढं काय इणनार?"

फातिमाबीनं स्वेटर झटकून समोर धरला. एक बाही, पाठ, छाती. तिनं लोकरीचा अंदाज घेतला, मग लेकराकडं नीट बघून त्याचाही घेतला.

"ही बाही पुढच्या थंडीला," ती म्हणाली. "तवर पोरगी बसाया लागलेली असंल. हातापायाची मापं घेऊन ठरवू."

पुढची थंडी. लेकरू जन्मल्यापासून सुईण, शेजारणी, खुद्द ग्यानबा, सगळे आजचा दिवस निघू दे म्हणत होते. संध्याकाळच्या पलीकडचं नाव कुणी काढलं नव्हतं. पार्वतीबाई खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. फातिमाबीनं तिला रडू दिलं. मग स्वेटर तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हा आता तुमच्या पेटीत ठिवा, अक्का. कडुलिंबाचा पाला टाकायचा इसरू नका."