दार न उघडणारी बाई

तर ही लिंगवेई. पहिल्यांदाच एकटीनं कथा सांगायला निघालेली. चीनमधल्या सूचौ शहराच्या पुढचं कालव्याकाठचं एक गाव, तिथलं मेंग मावशींचं चहाघर, दुपारची वेळ, आणि रोज थोडी थोडी करत पंधरवडाभर चालणारी एकच कथा. पोरगी जाम खूश! झगा इस्त्री करून आणलेला, तीन तारांचं वाद्य पुसून पुसून चकचकीत केलेलं.

आणि पहिल्याच दिवशी कळलं काय, तर पुलापलीकडच्या चहाघरात शोउयीदादा सकाळी कथा सांगतोय. शोउयीदादा म्हणजे तिचा थोरला गुरुबंधू. एकाच गुरूकडे शिकलेले दोघं. आणि कथाही तीच!

आता ह्या कथा सांगणाऱ्यांच्यात कसं असतं, गुरू कथा देतो ती अख्खी देतो. कुठं रडवायचं, कुठं हसवायचं, रोज शेवटी कुठं उत्कंठेची गाठ मारून टेबलावर लाकडी ठोकळा आपटायचा, सगळं ठरलेलं. म्हणजे सकाळी दादा जिथं थांबणार, दुपारी हीसुद्धा तिथंच थांबणार. केसाइतकाही फरक नाही!

तिनं लगेच फोन लावला. "दादा, तू तर दुसरी कथा सांगणार होतास ना?"

"अगं, जोडीदाराचा घसा बसलाय. मला एकट्याला जमते ती हीच. तू बदल की."

"मला येतेच ही एक!"

"मग बघ बाई. रीत काय आहे, तुला सांगायला नको."

रीत म्हणजे थोरला समोर असला की धाकट्यानं बाजूला व्हायचं. पण ही बाजूला होणार कशी? कथा मधेच बंद पडली की सांगणाऱ्याला 'कापलेला' म्हणतात, आणि एकदा कापला गेला की दुसरं कुठलं चहाघर त्याला बोलवत नाही. पहिल्याच खेपेला कापलं जायचं म्हणजे संपलंच की सगळं!

त्यात मेंग मावशी म्हणजे एकदम रोखठोक. "हे बघ पोरी, रविवारपर्यंत बाकं भरली तर ठीक. नाहीतर सोमवारी मी इथं पत्त्यांचे डाव बसवते. पत्तेवाले चहा तरी ढोसतात."

मंगळवारी अर्धी बाकं रिकामी. बुधवारी त्याहून जास्त. जे आले त्यांच्यात पाओ आजोबा. रेशमाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, घरी करमत नाही, म्हणून सकाळी तिकडे आणि दुपारी इकडे. पहिल्या रांगेत बसायचं, कलिंगडाच्या बिया फोडायच्या, आणि लिंगवेईनं तोंड उघडलं की शेजारच्याला सांगायचं, "आता ती रडणार बघ." आणि कथेतली बाई खरंच रडायची! लिंगवेईला वाटायचं, ठोकळा आजोबांच्याच डोक्यात घालावा.

गुरुवारी कथेतली मोठी गाठ होती. श्युहुआ नावाची बाई, नवरा मिठाच्या होडीबरोबर बुडाला म्हणून सगळ्यांनी सांगितलेलं. उद्या तिचं दुसरं लग्न, तांदळाच्या वखारवाल्याशी. ती केस विंचरत बसलीय, आणि दारावर थाप पडते. इथंच ठोकळा आपटायचा, म्हणजे कोण आलं ते कळायला लोक उद्या येतात. गुरुजींनी घोकून घेतलं होतं, "ऐकणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो परत येतो."

लिंगवेईनं टेबलावर बोटानं थाप वाजवली. टक, टक. ठोकळा उचलला, आणि पाओ आजोबा ओरडले, "नवरा आहे तो! मेला नाहीये! त्या पोरानं सकाळीच सांगून टाकलं!"

झालं. संपली गाठ! वर दादानं गाठ मारायच्या जागी घाईनं सोडवूनच टाकलेली. लिंगवेईचा ठोकळा हवेतच.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या फांग काकू, ज्या सकाळी मासे विकत असल्यामुळे तिकडे गेल्याच नव्हत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. "अगं बाई! नवरा दारात, आणि ही उद्या लग्नाला निघालीय? सांगा की तिला कुणीतरी!"

लिंगवेई बघतच राहिली. म्हणजे ह्यांना सगळं कळलंय, तरी काकूंचा जीव वर-खाली होतोय! कारण माहीत नाहीये ते फक्त श्युहुआला.

तिनं ठोकळा हळूच खाली ठेवला. आपटला नाहीच. आणि श्युहुआच्या आवाजात म्हणाली, "कोण आहे? उद्या माझं लग्न आहे. रात्री परक्या माणसाला मी दार उघडत नाही."

मग दाराबाहेरचा नवरा झाली. 'लग्न' हा शब्द ऐकून त्याच्या तोंडून नावसुद्धा फुटेना. नुसता हात दारावर.

"उघड गं!" काकू ओरडल्या.

"बोल की रे मुखदुर्बळा!" हे पाओ आजोबा. बिया हातातच राहिलेल्या.

"हे सकाळी नव्हतं," शेजारचा पुटपुटला.

"गप बस, ऐकू दे!" आजोबांनी त्यालाच दटावलं.

शुक्रवारी दार बंदच. श्युहुआ आतून वखारवाल्याचं कौतुक सांगतेय, नवरा बाहेर ऐकतोय. लोक कपाळावर हात मारतायत. शनिवारी पुलापलीकडचे लोक इकडे यायला लागले. दादाच्या कथेत नवरा-बायको कधीच एकत्र होऊन पुढच्या गावी गेलेले, पण इकडे दार बंद, हे सगळ्या बाजारात पसरलेलं.

रविवारी बाकं भरली. आणि दाराशी कोण उभं? शोउयीदादा! गुरूची कथा बदलली, हे त्यानं गुरुजींना नुसतं फोनवर सांगितलं तरी लिंगवेईची धडगत नव्हती.

कथा संपल्यावर तो पुढं आला. चेहरा हा एवढा लांब.

"माझ्याकडे आज नऊ माणसं होती," तो म्हणाला. "त्यातली चार झोपलेली."

"दादा, मी मुद्दाम नाही..."

"गुरुजींना सांगावं लागेल मला."

"सांग," ती म्हणाली. "कापली जाण्यापेक्षा ओरडा खाल्लेला परवडला."

दादानं डोकं खाजवलं. "सांगेन गं. पण आधी तू मला सांग, दार उघडणार कधी?"

"अय्या, तुला कशाला सांगू?"

"थोरला आहे मी!"

"मग तिकीट काढून ये."

मागून मेंग मावशींचा आवाज आला. "ए, तुम्ही दोघं! गप्पा बाहेर जाऊन मारा. उद्यासाठी जादा बाकं लावायचीयत मला. शेजारच्या शाळेतून मागवलीयत."

लिंगवेई बाहेर येऊन कालव्याच्या पायरीवर बसली. आता पुढचं सगळं तिलाच जुळवायचं होतं, गुरुजींनी शिकवलेलं त्यात काहीच नव्हतं. आणि आत बाकं सरकवल्याचे आवाज येतच होते.