दुसरी तडतड

कॉफी कडू असली म्हणजे ती चांगली, हे आमच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यात कोणी भरवलं ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांनी. आप्पा गेली पंचेचाळीस वर्षं रत्नागिरीत कॉफी भाजून, दळून विकताहेत. नव्या गिऱ्हाइकाने घोट घेऊन तोंड वाकडं केलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "ही खरी कॉफी. गुळमुळीत हवी तर चहा घ्या." माणूस हसतो आणि पाव किलोच्या जागी अर्धा किलो नेतो.

खरं तर आप्पांचं नाक शाबूत होतं तेव्हा आमची कॉफी एवढी कडू नव्हतीच. मागच्या पडवीत दहा किलोचा ड्रम आहे, खाली गॅस, बाजूला मोटर. मंगळवारी आणि शुक्रवारी भाजणं, दुसऱ्या दिवशी दळणं. भाजणं आप्पांचं आणि दळणं माझं. ही वाटणी मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात झाली आणि ती कोणी केली हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पण भाजण्याच्या दिवशी घरात वावरताना कान आणि नाक थोडंच बंद ठेवता येतं? हिरव्या बिया आधी पिवळ्या पडतात, तेव्हा भिजल्या पेंढ्याचा वास येतो. मग भाजक्या पावाचा. मग पहिली तडतड, लाह्या फुटतात तशी मोठ्याने. तिथेच काढली तर कॉफी फिकट राहते आणि जिभेला आंबूस लागते. जरा पुढे नेली की आंबूसपणा जाऊन गुळाच्या पाकासारखी गोडी येते, ती मध्यम. आणखी पुढे दुसरी तडतड सुरू होते, बारीक आणि घाईघाईची. बियांवर तेल सुटतं. ती गडद. त्याच्याही पुढे गेलात तर महागातली बी काय आणि स्वस्तातली काय, सगळ्यांची चव एकच, जळल्याची.

आप्पा दुसऱ्या तडतडीचे पहिले चार-दोन आवाज झाले की लांब दांड्याच्या पितळी पळीने नमुना काढायचे, नाकाशी न्यायचे आणि ड्रम उघडायचे. त्या पळीला घरात दुसरं कोणी हात लावत नसे.

मग कोविडची दुसरी लाट आली. आप्पा आठ दिवस तापात होते, बरे झाले, आम्ही देवाला नारळ ठेवला. जूनमध्ये माजघरात बरका फणस पिकला. वास असा की शेजारची माणसं गरे मागायला आली. आप्पा त्या फणसाशेजारी बसून पेपर वाचत होते. मला म्हणाले, "उमे, ह्याला पिकायला अजून चार दिवस जातील, नाही गो?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माझ्या नवऱ्याला, देवदत्तला, मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो बँकेत क्लार्क आहे, ड्रमच्या वाटेला कधी गेला नाही. म्हणाला, "बोलू नकोस. ह्या वयात त्यांच्याकडे दुसरं काय आहे?" म्हणजे आप्पांचं मन त्याने जपायचं आणि कॉफी मी सांभाळायची.

कारण कॉफी बिघडलीच. नाक गेलेलं, आणि मोटरच्या घरघरीत बारीक तडतड ऐकण्याएवढे कान अठ्ठ्याहत्तरीत कुणाचे असतात? ड्रम दोन-दोन मिनिटं उशिरा उघडायला लागला. भट्टीवर दोन मिनिटं म्हणजे फार झाली. काळ्याकुळकुळीत, तेलकट बिया, चुरडल्या की बोटाला काजळी.

मग मी लोखंडी कढई काढली. आप्पा दुपारी झोपले की अर्धा-अर्धा किलो कच्ची बी कढईत घ्यायची आणि पहिल्या तडतडीनंतर लगेच उतरवायची. ड्रमच्या दहा किलोच्या एका घाणीला तीन किलो तरी फिकट बी लागे. हाताचे तुकडे पडत. ती बी दळताना गुपचूप आप्पांच्या बियांत मिसळायची आणि पुडीत घालायची चिकोरी निम्म्यावर आणायची, कारण तिचाही कडूपणा असतोच. फिकटाचा आंबूसपणा आणि गडदाचा कडूपणा एकमेकांना सांभाळून घेतात, पण प्रमाण जमलं तर. मला ते जमायला सात महिने लागले. जमलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून कपभर प्यायले आणि मला रडू आलं. इतकी चांगली झाली होती.

पालीहून भास्करराव येतात, निवृत्त मास्तर, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. पुडी नाकाला लावून म्हणायचे, "आप्पांचा हात तो आप्पांचा हात." मी सुट्टे पैसे परत द्यायचे.

मी काही संत नाही. मला ती पळी हवी होती. दसऱ्याला आमच्याकडे ड्रमची पूजा असते, त्या दिवशीची पहिली घाणी लगेच दळून आल्यागेल्याला जायफळ घातलेली कॉफी देतात. त्या सगळ्यांसमोर आप्पांनी पळी माझ्या हातात द्यावी आणि म्हणावं, आता उमा भाजेल. साडेचार वर्षं मी तेवढ्यासाठी कढई ढवळली, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा गणपतीनंतर आप्पा म्हणाले, "ह्या दसऱ्याला पळी द्यायची म्हणतोय." मी कपाटातली मोरपिशी साडी इस्त्रीला दिली. आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

दसऱ्याच्या चार दिवस आधी पुण्याहून अजिंक्य आला, माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, सव्वीस वर्षांचा. बंगळुरूला पंधरा दिवसांचा कोर्स करून आला होता. बोलायला गोड आहे पोर, उगाच खोटं कशाला सांगू? नवमीच्या संध्याकाळी झोपाळ्यावर बसून आप्पांनी सांगून टाकलं. "पळी अजिंक्यकडे देतोय. तो शिकून आलाय."

देवदत्त हळूच म्हणाला, "आणि उमा?"

"उमेचा हात दळायला चांगला आहे," आप्पा म्हणाले. "भाजायला नाक लागतं."

मी झेंडूचं तोरण करत होते. खाली मान घालून ते पुरं केलं. अंगाची अशी आग झाली होती की त्या माणसाला हात धरून फणसापाशी नेऊन उभं करावंसं वाटलं, पण फणसाचे दिवस नव्हते.

दसऱ्याला दरवर्षी मी आदल्या रात्रीच कढईत भाजून ठेवायची. यंदा ठेवलं नाही. म्हटलं, पिऊ दे सगळ्यांना एकदा आप्पांच्या हातची. न मिसळता, चिकोरीचं प्रमाण आप्पांचंच ठेवून. मला एक शब्द बोलायला लागणार नाही, ज्याला त्याला आपल्या जिभेवरच कळेल.

सकाळी आप्पांनी आपल्या हातची शेवटची घाणी भाजली. धूर रस्त्यापर्यंत गेला. अजिंक्य खोकत खोकत म्हणाला, "डार्क रोस्ट." मी दळली, दूध-साखर घातली, जायफळ उगाळलं आणि वीसेक कप बाहेर पाठवले. दाराआड उभी राहिले.

भास्करराव पहिला घोट घेऊन डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "आप्पा, यंदा कमाल आहे. हीच ती!"

कोणीतरी दुसरा कप मागितला. अजिंक्य आत येऊन म्हणाला, "काकू, बॉडी जबरदस्त आहे, म्हणजे दाटपणा." देवदत्तने, ज्याला माझी कढई पहिल्या दिवसापासून ठाऊक होती त्या देवदत्तने, तळापर्यंत कप संपवला आणि मला हाताने खूण केली, छान झालीय म्हणून.

मी माझ्यासाठी अर्धा कप ओतून घेतला. नुसती राख होती. साडेचार वर्षं, आठवड्याच्या दोन दोन दुपारी मी जे करत आले, ते ह्या माणसांपैकी एकालाही कधी लागलंच नव्हतं. ते आप्पांचं नाव पीत होते, जायफळ घालून.

पळी देऊन झाली, टाळ्या झाल्या. मी कप विसळत होते तेव्हा आप्पा आत आले. त्यांच्या कपात कॉफी जवळजवळ तशीच होती.

"आज मिसळलं नाहीस," ते म्हणाले.

माझ्या हातातून कप निसटून मोरीत पडला. फुटला नाही. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाक गेलं गो, जीभ आहे ना. ड्रममधली बी चावली तर कडूजहर, आणि डब्यातली पूड गोड. न कळायला काय झालं?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग काल सगळ्यांसमोर तसं का म्हणालात?"

"मग काय म्हणायचं होतं? दुकान सुनेच्या कढईवर चाललंय म्हणून?" त्यांनी कप मोरीत ओतला आणि बाजूला ठेवला. "पोरगा नवा आहे. चुकेल. तू आहेसच मागे."

आवाजात राग नव्हता. मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाले आणि पाहुण्यांत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी कढई घासली, तेलाचा हात फिरवला आणि माळ्यावर टाकली.

पुढच्या मंगळवारी अजिंक्यची पहिली घाणी. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते, आप्पा झोपाळ्यावर. पडवीतून पेंढ्याचा वास आला, मग पावाचा. पहिली तडतड झाली. मध्ये गुळाच्या पाकाचा वास आला, इतका सुरेख की माझा हात सुपात थांबला. मग दुसरी तडतड सुरू झाली. दारातून दिसत होतं, अजिंक्य मोबाइलमध्ये वेळ बघत होता. वास बदलला. धुराची पहिली कडू तार माझ्या घशाला लागली.

आप्पांनी पायाने झोपाळा थांबवला. साडेचार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "उमे, वास कसा येतोय गो? उघडायला सांगू त्याला?"

मी एक खडा काढून बाजूला टाकला.

"छान येतोय, आप्पा," मी म्हटलं. "अजून थोडं होऊ दे."