पांढऱ्या कोटातला बार्टली

पंचाला शिव्या घालणं हे आमच्या भागात चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेइतकंच पवित्र काम, आणि त्यातला सर्वांत भाविक माणूस म्हणजे बार्टली स्कॅनलन. हर्लिंगचा, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना कोणाचाही असो, हा गोलामागच्या कठड्याला रेलून उभा. काठी जन्मात धड धरली नाही, पण आवाज असा की समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या माना वर करतात.

डर्व्हला नावाची माझी पुतणी पंच आहे. गेल्या वर्षी असल्याच तोंडाळांना कंटाळून तिनं शिट्टी माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली होती. हिवाळ्यात जिल्ह्यानं पंचांचे वर्ग सुरू केले, जुन्या पंचांनी तिला हाताशी धरलं, आरडाओरड्यात डोकं थंड कसं ठेवायचं ते शिकवलं, म्हणून ती परत आली. पण अंतिम सामन्याला जाताना गाडीत म्हणाली, "फिंटनकाका, आजही तसंच झालं तर शिट्टी कायमची ठेवून देणार." आधीच पंच औषधालाही मिळत नाहीत, आणि ही तर लाखात एक!

आमच्याकडे पंच गोलापाशी उभी राहणारी चार माणसं स्वतःच आणतो. बहुधा घरचीच. पांढरे कोट घालून प्रत्येक खांबाशी एकेक जण. चेंडू दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून गेला तर पांढरं निशाण, म्हणजे एक गुण; खालून जाळ्यात गेला तर हिरवं, म्हणजे गोल; बाहेर गेला तर डोक्यावर हातांची फुली. पलीकडच्या गोलाशी माझे दोन मुलगे, अलीकडच्या गोलाशी मी आणि डर्व्हलाचा नवरा ओरान. पण ओरान पडला गुरांचा डॉक्टर. ऐन वेळी कोणाची तरी गाय अडली आणि तो तिकडे पळाला.

डर्व्हला कोट घेऊन थेट कठड्याशी गेली.

"स्कॅनलनसाहेब, तुम्हाला इथून सगळं स्पष्ट दिसतं ना? मग खांबाजवळून आणखी छान दिसेल. घाला."

"मी? अगं, मी आपला... बघायला आलोय."

"बघायचंच आहे."

"जा की बार्टल्या!" मागून कोणीतरी ओरडलं. "आता का दातखीळ बसली?"

त्याचं गाव सामन्यात नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायलाही कोणी नव्हतं. कोट पोटावर मिटेना. बटणं उघडीच ठेवून तो दुसऱ्या खांबाशी उभा राहिला, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोरासारखा बावरलेला.

शेवटच्या मिनिटाला क्लूनार्डचा संघ एका गुणानं मागे. त्यांच्या टाइग हेनहननं लांबून फटका मारला. चेंडू खांबाहूनही उंच, बार्टलीच्या बाजूनं गेला. नेमकं माझ्या डोळ्यांत ऊन.

"निशाण! निशाण वर कर, आंधळ्या!" कठड्यावरून एकच गिल्ला. ओरडणारे त्याचेच जुने सोबती.

बार्टली पांढऱ्या निशाणाकडे बघत होता. "फिंटन, तू पाहिलंस?"

"नाही रे बाबा. तुझ्या खांबावरचा चेंडू, तूच सांग."

डर्व्हला धावत आली. "काय दिसलं?"

"मला वाटतं..."

"वाटतं नको. दिसलं काय?"

त्यानं निशाणाकडे पाठ केली. "बाहेर. खांबाच्या वीतभर बाहेरून."

"मग करा खूण. मी इथंच उभी आहे."

आणि ती उभी राहिली, त्याच्या आणि कठड्याच्या मधोमध, गर्दीकडे तोंड करून. बार्टलीनं डोक्यावर हातांची फुली केली. आयुष्यभर त्यानं पंचांना घातलेल्या सगळ्या शिव्या त्याला एका दमात परत मिळाल्या. डर्व्हला जागची हलली नाही. गोलरक्षकानं चेंडू पुन्हा खेळात टाकला, तेव्हाच तिनं सामना संपल्याची शिट्टी वाजवली.

बाहेर पडताना आम्ही नेहमीसारखं तिच्याभोवती कडं केलं. बार्टली आपण होऊन पुढे. एक जण बोट नाचवत अंगावर आला, तशी टेकडीवरच्या मेंढ्यांनी पुन्हा माना वर केल्या.

"तिच्याशी बोलायचंय? आधी हा कोट घालून उभा राहा, मग बोल!"

तेवढ्यात चिखलानं माखलेला टाइग समोर आला. डोळे लाल. मी मुठी आवळल्या. पण त्यानं डर्व्हलापुढे हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाहेरच होता. काठीवरून सुटला तेव्हाच मला कळलं होतं."

बोटवाला केव्हाच पसार झाला होता. माझा ऊर असा भरून आला की माझ्या कोटाचीही बटणं लागली नसती.

गाडीशी आलो तरी बार्टली कोट काढीना. "धुऊन आणतो," म्हणाला. मग पायाशी बघत, "पुढच्या रविवारी कुठं असतो सामना?"

डर्व्हलाच्या गळ्यात शिट्टी लटकत होती. तिनं ती अलगद गणवेशाच्या आत सरकवली.

"ड्रमिनला," ती म्हणाली. "वेळेवर या. आणि बटणं लागतील असा मोठा कोट शिवून घ्या, वर्षभर लागणार आहे."

मी गाडीचा भोंगा असा दाबून धरला की अख्ख्या गावाला वाटलं, सामना आम्हीच जिंकला.