मऊ पावाची साक्ष

मित्रांनो, पाव किती मऊ आहे ते दाबून सांगणारा मी एक जुना काटा आहे. आज पावाच्या कारखान्यातल्या अडगळीच्या खोलीत पडून आहे. मी बिघडलेलो नाही, तरी माझ्यावर 'बिघडलेले' अशी चिठ्ठी आहे.

एके काळी मी प्रयोगशाळेत होतो. तिथे पाव तपासणाऱ्या बाई रोज मऊ फडक्याने माझी तबकडी पुसत. तेव्हा आमचा पाव दुसऱ्याच दिवशी कडक होई. भाजताना पिठातला स्टार्च फुगतो आणि पाव निवला की स्टार्चच्या कणांच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. बाईंनी पिठात तेलापासून केलेली मेणासारखी पूड मिसळली. तिचे स्निग्ध शेपूट स्टार्चच्या वेटोळ्यात शिरून बसे, मग साखळ्यांना बिलगता येत नसे. पाचव्या दिवशीही माझा आकडा जेमतेम हलला, म्हणजे पाव पहिल्या दिवसाइतकाच मऊ होता. बाई हरखल्या. मालकांनी तर माझी पाठ थोपटली!

पण लगेच ते म्हणाले, "पाकिटावर दहा दिवसांची तारीख टाका."

बाईंनी आठव्या दिवसाचा पाव मोडून दाखवला. आत हिरवट बुरशी होती. "साहेब, मऊ म्हणजे ताजा नव्हे."

"काटा खोटं बोलतो का?"

"नाही. पण त्याला वास येत नाही."

दहा दिवसांच्या तारखेच्या कागदावर बाईंनी सही केली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दिसल्या नाहीत. सही मुकादमाने केली. माझाच आकडा पुढे करून पाव विकला गेला आणि मला तोंड उघडता येईना.

महिन्याभरात एका दवाखान्यातल्या सतरा रुग्णांना न्याहारीत आमचा पाव खाल्ल्यावर उलट्या झाल्या. चौकशीला माणसे आली. मालक बेधडक म्हणाले, "यंत्रच बिघडलं होतं हो!"

साक्षीला बाईंना बोलावले होते. त्यांनी माझ्यावर ठरावीक वजन ठेवले, आकडा वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "काटा ठीक आहे. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारला."

कारखान्याला टाळे लागले. बाईंना मात्र अजून कुठे काम मिळालेले नाही, असे पहारेकरी सांगतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर पुसा, जपा. पण आमच्या आकड्याआड लपू नका. खरे बोलणारे माणूस आमच्याहून नाजूक असते. त्याला आधी जपा.